दुभाषी

डार्लिंग्टनहून छावणीपर्यंत बस पाऊण तास घेते.
कॅटरिकला उतरले तेव्हा वारा आडवा,
घरं सगळी एका मापाची,
जणू त्यांनाही दाढी करून रांगेत उभं केलेलं.

खोलीत तीन खुर्च्या, टिश्यूंचा खोका,
जिलियन, जिला सगळं लिहून घ्यायचं होतं,
आणि हर्षला, साताऱ्याकडची,
बाह्यांची टोकं मुठीत धरून बसलेली.
नियम साधा: ती "मी" म्हणाली की मीही "मी" म्हणायचं.
पदरचं काही घालायचं नाही.

"ह्यांचा हात उठतो कधीकधी," ती म्हणाली.
मी इंग्रजीत हात उचलला.
जिलियनचं पेन थांबलं. आणि मग?
इंग्रजीत उचललेला हात नुसता वरच राहतो,
वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाचा असतो तसा.
मराठीत तो कुठे पडतो हे सांगावं लागत नाही.
सगळ्या जाणतात, म्हणून कुणी विचारत नाही.
मी विचारलं: आणि मग?
हर्षला बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"मग खाली येतो."

त्यानंतर थांबली नाही.
आधी युनिफॉर्म काढतात. घडी घालतात.
इस्त्रीची रेघ मोडू देत नाहीत.
मग.
मग बूट घासत बसतो, काही झालंच नाही असा.
"ह्यांचा" मध्येच "तो" झाला होता.
इंग्रजीत ते दिसलं नाही. मी ऐकलं.

नोकरी त्याची, घर नोकरीचं, व्हिसा त्याच्यामुळे,
तोंड उघडलंस तर सगळंच जाईल, म्हणतो.
"आणि घरात भांड्याला भांडं लागायचंच ना, ताई?"
"ताई" मला पलीकडे नेता आली नाही.
भांडी नेली.
जिलियनने विचारलं: कुठलं भांडं? त्याने मारलं का?

तिने कायद्यातला एक शब्द काढला.
त्याला मराठी शोधताना हाताशी आला तो "धाक".
बायकोला धाकात ठेवलीय हो,
हे माझ्या मामाच्या तोंडचं कौतुक.

"सपोर्ट"ला मी "आधार" म्हटलं,
तर ती पर्स उघडून कार्ड शोधू लागली.
तिघी हसलो, जिलियन का ते न कळता.
हसताना हर्षलाने ओठावर बोट दाबलं.

व्हिसाला वेगळी वाट आहे, जिलियन म्हणाली.
घर उद्याच्या उद्या जात नाही.
जिवावर बेतलं नसेल तर
तुम्हाला विचारल्याशिवाय त्याच्या साहेबाला कळवणार नाही.
हे मी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तोंड कडू.
दीड तास म्हणत होते: माझा गळा, माझे केस, माझंच चुकलं.
फॉर्मवर लिहिलं: दीड तास. प्रवासखर्च वेगळा.

नोव्हेंबरात पुन्हा बोलावणं आलं.
बाहेर मैदानावर कुणीतरी ओरडून पावलं मोजत होतं.
मी कोट काढायच्या आत
हर्षला जिलियनकडे बघून बोलली,
तीन शब्द, इंग्रजीत, वर्तमानकाळात.
काळ चुकला असेल. नसेलही.
त्या वाक्याला मी लागले नाही.
पाण्याचा ग्लास तेवढा तिच्याकडे सरकवला.