सबब विनंती की

कोर्टासमोर चिंचेखाली
एकेचाळीस वर्षं मी लोकांची भांडणं लिहिली.
बांधाची, भिंतीची, वाटपाची,
एकदा एका रेड्याचं :
रेडा मेला, मग मालक मेला, मग वारस लागले.
शेवट ठरलेला : सबब विनंती की.
त्यापुढं हवं त्याच्या दुप्पट मागायचं,
आणि आपली चूक
चुकूनसुद्धा कागदावर येऊ द्यायची नाही.
मीच सांगत आलो हे, पानाचे पैसे मोजून घेऊन.

मग माझाच उजवा कान गेला.
नातीनं मोबाइलवर यंत्र शोधलं
लिथुआनियातल्या एका दुकानाचं,
इथल्यापेक्षा निम्म्या किमतीत.
सव्वा महिन्यानं खोकं आलं, जकात भरून घेतलं,
आत डाव्या कानाचं.

पुतण्या वकील. म्हणाला, टाकूया की केस.
म्हटलं, नोटीस कोण बजावणार बाबा?
आपला बेलीफ अथणीला जायचं तरी कुरकुरतो.

नात म्हणाली, कोर्टाबाहेर मिटवायची सोय असते,
पडद्यावरच, मधे एक माणूस असतो.
अर्ज उघडला.
नाव : दत्ताराम यल्लोजी सांबरेकर.
गाव : मी बेळगाव लिहिलं, त्यानं बेळगावी केलं.
मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा केलं.
चौथ्या खेपेला नात म्हणाली,
आजोबा, कानाचं बघायचंय ना?
राज्य : इथं बोट जरा थांबतं,
वडिलांचंही थांबायचं, टाक उचललेला तसाच.
भाषेच्या यादीत ना मराठी, ना कन्नड.
हे शेजारच्या चन्नबसप्पाला, आमच्या स्टॅम्पवाल्याला, दाखवलं
तेव्हा दोघंही पोट धरून हसलो.

तक्रार तीनशे अक्षरांत.
'अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की' यातच किती गेली!

मध्यस्थ बाईंनी आधीच कळवलं,
मी न्यायाधीश नव्हे, निकाल देणार नाही.
आणि विचारलं,
काय झालेलं तुम्हाला आवडेल?
उत्तराला मी दोन दिवस घेतले.
हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.
रेड्याच्या मालकाला तर नाहीच.

दुकानदारीण रसा नावाची.
तिनं लिहिलं, चित्रातला कान तुम्हीच निवडलात.
चित्र पुन्हा काढून पाहिलं.
चेहरा माझ्याकडं बघणारा.
मी माझ्या उजव्या हाताचा कान टिपलेला,
तो त्याचा डावा.

ओळ लिहिली, पुसली, लिहिली.
रात्री जेवण झाल्यावर पाठवली :
चूक माझीही असेल.
तासाभरात तिकडून आलं,
चित्र आमचंही फसवं आहे, आज बदलतो.

तेरा दिवस.
निम्मे पैसे परत, यंत्र माझ्याकडंच.
वकील नाही, तारीख नाही.
शिक्का नाही याचंच जरा चुकल्यासारखं वाटलं,
म्हणून कागद छापून घेतला,
चन्नबसप्पानं त्याच्यावर आपला रबरी शिक्का उठवला,
आयतु बिडरी, म्हणाला. मिटलं, सोडा.

त्याचा डावा कान आधीच अधू.
तो बसतो माझ्या उजव्या हाताला.
म्हणजे कैक वर्षं
आमचे दोन बहिरे कान
एकमेकांकडं तोंड करून बसलेले.
यंत्र त्याला दिलं.
आता मी पुटपुटलो तरी त्याला ऐकू जातं,
फुकटची पंचाईत.

पेपरात सीमेच्या दाव्याचं काही आलं
की तो ते पान मोठ्यानं वाचत नाही,
मीही मागत नाही.
काल मात्र घडी घालता घालता
तो काहीतरी विचारत होता,
ओठांवरून वाटलं,
त्या बाईंचाच प्रश्न असावा.

मी म्हटलं, आँ?