तेवीस जागा

इचलकरंजीत सुताच्या पेढीवर मी हिशेब लिहितो,
म्हणून कॅमेराही तसाच घेतला,
तीन दुकानं, एक वही, दोन रविवार.

कोल्हापुरात पोरवाल म्हणाला,
साहेब, भिंतीएवढा फोटो लावणार आहात का घरात?
नाही ना? मग चार मेगापिक्सेल रग्गड.
डिजिटल झूमला भुलू नका, ते नुसतं पुरीसारखं फुगवणं,
भिंग पुढं सरकतं तोच झूम खरा.
डोळा लावायला खिडकी असलेलाच घ्या,
समुद्रावर उन्हात पडदा काही दाखवत नाही.
आणि ऊन नेहमी पाठीशी ठेवा.
एवढं सगळं खरं बोलला
आणि कार्ड दिलं बत्तीस एमबीचं.

तेवीस फोटो.
मग कॅमेरा म्हणतो, जागा नाही,
एसटीच्या कंडक्टरसारखा, तोंडाकडे न बघता.

हर्णैला पोचेपर्यंत ऋजुतानं नऊ संपवले होते:
घाटातली तीन वळणं, स्वतःचा पाय,
गेस्टहाऊसचं मांजर,
पंखा (चालू), पंखा (बंद)…
संजीवनीला पाठीमागं सुवर्णदुर्ग हवा होता.
तो आला, नखाएवढा, तिच्या कानाला लोंबत असल्यासारखा.
मी सूर्यास्त काढले. सहा.

रात्री मच्छरच्या उदबत्तीच्या धुरात
तिघं गादीवर बसून पुसत होतो.
सूर्य सहाही वेळा तिथंच बुडला होता, पाच पुसले.
मांजर ठेवायचं की आई, यावर मतदान झालं.
मांजर जिंकलं.
मग संजीवनी उठून पाणी प्यायला गेली
तेव्हा पंखे पुसून मी तिला परत घ्यायला बघितलं,
पण पुसलेलं परत येत नाही.
पेढीवर निदान खोडलेला आकडा खालून दिसतो.

सेल सकाळी मेले.
गच्चीवर मालकीणबाईंच्या कोकमाशेजारी
चारही सेल उन्हात वाळत घातले.
त्यांना थोडा जीव आला, किंवा मला तसं वाटलं.

चारला लिलाव.
बैल पोटापर्यंत पाण्यात, होड्यांतून टोपल्या गाडीत,
बर्फाचा चुरा, आरडाओरड, आकडे,
माझ्यासारख्या आकड्यातल्या माणसालाही न कळणारे,
बोटांवर बोटं दाबून ठरणारे.
जागा उरली होती एक.

सुरमईच्या ढिगामागं ती बसलेली.
नाव नंतर कळलं, भानाबाय पावसे.
मी बटण दाबलं. तिनं हात पुढं केला,
दाव.
उन्हात पडदा काळा ठिक्कर.
तिनं पदराची सावली धरली, दोघं वाकलो,
माशांचा आणि खोबरेल तेलाचा वास.
डोळे मिटलेत, म्हणाली. पूस.
पुसला.
मग ती म्हणाली ते तिच्या बोलीत होतं,
मला माझ्याच बोलीत आठवतं:
माझा कशाला काढतोस? मी उद्याबी हितंच हाय.
हिचा काढ. ही सांजेला नसंल.
आणि शेपटीला धरून सुरमई उचलली.

परतताना भिंगात रेती गेली.
अर्धं बाहेर, अर्धं आत, करकर करत अडकलं ते अडकलंच.
कपाटात अजून तसाच आहे, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखा.

तो फोटो मात्र कागदावर आहे,
भिंतीएवढा नाही, पोस्टकार्डाएवढा.
सुरमई, हिरव्या बांगड्यांचा हात मनगटापर्यंत,
अंगठ्यावर जुना काप,
आणि खाली वाळूवर आडवी पडलेली एक लांब सावली,
दोन्ही कोपरं बाहेर, कानांच्या पातेल्यासारखी.

परवा संजीवनी म्हणाली,
अख्ख्या सहलीत तू एकाही फोटोत नाहीस.
ऋजुतानं सावलीवर बोट ठेवलं,
मग हा कोण?

मी म्हटलं, पोरवालनं सांगितलं होतं,
ऊन पाठीशी ठेवा.