पात

दम्मामच्या बंदरावरून पोती आली तेव्हा
अबू यासीनने एक उसवलं,
चिमूटभर भुकटी बोटांत चोळली
आणि खजुरांवरचे होले उडतील इतकं हसला.
"रमल? आम्हाला? पैसे मोजून?"

खरंच आहे.
हुफूफच्या वेशीबाहेर वाळूचे डोंगर फुकट पडलेत.
शमाल सुटला की त्यांतलेच थोडे
दाराखालून आत येतात, चहात उतरतात.

मी म्हटलं, ती वाळू काचेच्या जातीची.
जन्मभर पाण्यात राहील, पाण्याची होणार नाही.
मुळाला सिलिकॉन हवं ते विरघळणारं.
'विरघळणं'ला अरबी शब्द आठवेना.
शेवटी त्याच्याच पेल्यात साखर टाकून
चमचा फिरवला, आणि बोट दाखवलं:
कुठे गेली?

हसावी भात तांबडा, उंच, मिजाशी.
युरिया पडला की आठवड्यात अंगाने भरतो,
हिरवा इतका की डोळ्यांना थंड वाटावं,
आणि लोंबी जड झाली की
एका वाऱ्यात आडवा.
गेल्या साली सात नंबरचा प्लॉट असा झोपला.
मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून
ताटाचा जमिनीशी कोन घेतला. अकरा अंश.
वहीत टिपलं.
"लिहिल्याने उठेल का तो, या शौकत?"

यंदा नत्र तेवढंच ठेवलं.
सातात एकटं. नवात त्याच्या जोडीला पोत्यातलं.
दिवसा मातीवर हात ठेववत नाही,
म्हणून मोफिज्जल आणि मी रात्री दहानंतर
डोक्याला बॅटऱ्या बांधून फेकत गेलो.
पांढरी धूळ मिशांवर बसली,
आणि दातांखाली कचकन
मंडणगड आलं.

अब्बांची भातगिरण. मागे तुसाचा ढीग
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आतल्या आत धुमसायचा.
त्या राखेने भांडी निघत, त्याच राखेने दात.
कोणी रोपांवर दोन मुठी टाकी,
का टाकतो विचारलं तर म्हणे, टाकतात.
उरलेली पऱ्यात जाई.
कितीतरी किलो सिलिकॉन
आम्ही चूळ भरून थुंकलो.

नोव्हेंबरात दोन रात्री वारा घोंघावला.
सकाळी आधी सातावर गेलो, कारण तिथे काय असणार ते माहीत होतं.
चटई. चिमण्या उड्या मारत दाणे टिपताहेत.
नवातला उभा होता. सगळा नाही;
पाटाकडची ओळ कलली होती, तेही लिहिलं.
कोन एकोणसत्तर. दाण्याचं वजन किंचित जास्त,
छातीठोक सांगावं इतकं नाही.

अबू यासीनला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं.
त्याने सातातली पात तळव्यावरून ओढली. काही नाही.
नवातली ओढली,
आणि बोट तोंडात घातलं.
"कापते!" म्हणाला, आणि पुन्हा ओढायला गेला,
लहान मूल पातं पारखतं तसा.
मीही ओढून बघितली.
वहीच्या पानावर नवाच्या रकान्यात
एक तांबडा ठिपका पडला.
त्याला एकक नाही, म्हणून खोडला नाही.

संध्याकाळी तो गाढवगाडी घेऊन दारात.
"ती साखर उरलीय का अर्धं पोतं?
विहिरीजवळच्या तुकड्यात टाकीन म्हणतो."

मी दुरुस्त केलं नाही.
साठ्याच्या रजिस्टरात मात्र लिहिलं,
कॅल्शियम सिलिकेट, पंचवीस किलो,
आणि घेणाऱ्याच्या सहीपुढे
त्याच बोटाचा अंगठ्यासारखा ठसा.