अर्धं जहाज

जहाज फक्त उजव्या बाजूनं बांधलंय.
डावीकडे परांच्या, वायरी
आणि सावलीत झोपलेला सुतार.
टाकीचा काठ असा कापलाय
की कॅमेऱ्यातून बघितलं तर तिचं पाणी
थेट माल्टाच्या समुद्रात मिसळतं.
जेवणं झाली की आम्ही रोज बुडतो.

मी विस्टिन स्केम्ब्री. गोदीत एकतीस वर्षं
लोखंडी दारं बसवली. आता नाक विकतो.
या नाकावर तीनदा इटालियन झालो,
बाईची शाल पांघरून होडीत उडी मारणारा.
एकदा तुर्क, हातात चाबूक.
एकदा ग्रीक, कोंबडी चोरताना सापडलेला.
या खेपेला आयरिश. म्हणजे नाचायचं, प्यायचं,
आणि पाणी घोट्याला लागलं
की देवाचं नाव घेऊन आणखी थोडं नाचायचं.

"माल्टाचा कुणी नसतो का हो जहाजावर?"
वहीवाली मुलगी पानं चाळून म्हणाली,
"असेल तर त्याला संवाद नाही."

माझा बाप साहेबाच्या आरमारात वाढपी होता.
जहाज फुटलं तेव्हा आई-आई करणाऱ्या
एका लेफ्टनंटला त्यानं पायजम्यासकट वर ओढलं.
"दात वाजत होते," एवढंच सांगायचा,
"त्याचे की माझे, कळेना."
इथं मात्र इंग्रज सगळी बटणं लावून
उभ्यानं मरतो. रोज. सहा-सहा टेक.

पहिल्या वर्गाला छत्रीखाली खुर्च्या,
कारण कपडे लंडनहून भाड्यानं आणलेत.
आम्ही जमिनीवर. धूळ लागली तर बरंच,
मेकअपवाल्याचं काम वाचतं.
मार्साश्लोकचा मासळीवाला नेनू ताठ खांद्यांमुळे लॉर्ड झाला,
आणि तिसऱ्या दिवसापासून मला ओळख देईना.
वाण नाही पण गुण लागला, खुर्चीचा.

भट्टीपाशी अब्दिरिसाकला उभं केलंय,
काजळी कमी लागते म्हणून.
पाणी चढलं की सगळे किंचाळतात, तो गप्प.
"भीती दाखव!" भोंगा ओरडतो.
तो मला हळूच म्हणाला,
"मी तीन दिवस होडीत होतो.
कुणीच ओरडत नव्हतं."

मग ते जाळीचं दार.
आम्ही गदागदा हलवायचं, उघडायचं नाही.
नवव्या टेकला माझ्या बोटांना
सवयीनं बिजागरी सापडली.
खिळा उपसला. दार हातात आलं,
आणि मागची साठ माणसं वर धावली:
ओल्या शाली, रबराची बाळं,
सगळ्यात पुढे अब्दिरिसाक.
नेनू घाबरून खुर्चीवरून उठला,
तर त्यानं ती घेतली, पाणी निथळत, निवांत.

"कट! तिसरा वर्ग खाली!"

उतरलो. सुतार काही सापडेना.
दार मग मीच बसवलं, पक्कं,
पुन्हा कुणाच्या बापाला निघणार नाही असं.
त्याचे वेगळे पैसे मागायला हवे होते.