विंचू

शाहूपुरी तिसरी गल्ली, माळ्यावरचं दुकान, साल त्र्याण्णव.
फोर-एटी-सिक्स विकायचो मी.
एकच नंबर, चिपा चार कंपन्यांच्या.
गिऱ्हाईक विचारायचं, ह्यातली खरी कुठली?

मग बातमी आली,
आकड्यावर म्हणे कुणाची मालकी लागत नाही,
आणि जी फाइव्ह-एटी-सिक्स व्हायची
ती पुढची चिप
बारसं उरकूनच बाजारात उतरली.

सुभाषनगरात ओट्यावर
आण्णा तळाला टाके घालत होते.
सांगितलं त्यांना. आरी थांबली नाही.

"आमचं उलटंच की रं.
परमुलखात शिवली तरी कोल्हापुरी,
प्लास्टिकची बी कोल्हापुरीच.
नाव गेलं सगळ्यांच्या पायात.
पर हे आठ नंबरचं पायताण बघ,
गंगावेशीत वाजलं तरी
माझा विंचू मला हितनं कळतोय."

त्या रात्री एक चिप हाताला लागली.
वरचं नाव ताजं, अंमळ तिरकं,
खाली कुणीतरी घासून काढलेलं जुनं अक्षर.
ओल्या बोटानं पुसत बसलो.

मग उगाचच
कानाशी धरून
वाकवून बघितली.