शंभर गोळ्यांचा हिशेब

पानशेत रस्त्याला, खडकवासल्याच्या पुढे,
एका बंद रसवंतीमागे माळ आहे.
तिथं आमची अख्खी पतसंस्था उतरली
रविवारी सकाळी साडेनऊला.
धायगुडेसाहेब इस्त्रीच्या पँटमध्ये,
वसुलीचे निंबाळकर पोटावर पट्टा चढवत,
आणि मी, कॅशियर,
पंजाबी ड्रेसवर लष्करी ठिपक्यांचा डगला,
त्याला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास.

शिकवायला कोरडे नावाचा पोरगा,
नुकती मिसरूड फुटलेली. म्हणाला,
बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं.
मास्क काढायचा नाही.
नाक खाजलं, घाम आला, देव भेटला
तरी मास्क काढायचा नाही.
लागलं की हात वर करायचा आणि चालू पडायचं.
लागलं की नाही यावर वाद घालायचा नाही.
इथं निंबाळकरांनी तोंड वाकडं केलं.

माणशी शंभर गोळ्या.
मी विचारलं, उरल्या तर परत घेता का?
तो हसला. मी हसले नाही.

मास्कच्या आत चष्मा,
चष्म्यावर वाफ,
वाफेच्या मागे मी.
‘नाकानं श्वास घ्या मावशी, तोंडानं नको.’
सत्तेचाळीस वर्षं श्वास घेतेय,
चूक दाखवणारा पहिलाच भेटला.

पहिली गोळी आभाळात गेली.
दुसरी टायरात.
तिसरी माझ्याच बुटापाशी.
मग बोटाला लय सापडली,
नोटा मोजताना सापडते तशी, न बघता:
चौदा, पंधरा, सोळा.
डांबराच्या रिकाम्या पिंपामागे बसले होते.
पिंपावर टपटप टपटप,
आणि फुटलेल्या रंगाला
लहानपणी आई बळं गिळायला लावायची
त्या शार्क लिव्हरच्या गोळ्यांचा वास.

बबन शेलार समोरच्या संघात होता.
एकोणीस वर्षं शिपाई,
एकोणीस वर्षं ऑफिसात पावलांचा आवाज नाही,
ट्रेमधला कप कपाला लागू देत नाही.
तसाच आला.
ठप्.
साहेबांच्या खिशाच्या जरा वर,
जिथं एरवी पेन असतं तिथं,
निळं.

साहेब उभे राहिले. गवत उभं राहिलं.
हात वर करायला त्यांनी वेळ घेतला,
पण केला,
शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ ठेवून,
आणि मास्कमधून म्हणाले, ‘बरोबर आहे.’
हे दोन शब्द मी त्यांच्याकडून
फक्त ताळेबंदाबद्दल ऐकले होते,
तेही मार्चअखेरीला.

मग बबनची पाठ उघडी पडली.
दहा पावलांवर. त्याला कळलंही नव्हतं,
तो साहेबांकडेच बघत होता.
मी नेम धरला. बोट ठेवलं.
ठेवलेलंच राहिलं.
तेवढ्यात मागून गळ्याच्या हाडावर मला बसली.
निंबाळकर. आमच्याच बाजूचे.
‘अहो, दिसलंच नाही!’

डास चावल्यासारखं होतं म्हणतात.
नाही हो.
बंडलाचं रबर तुटून बोटाला बसतं ना,
तसं, पण दहा रबरं एकदम.
हात वर केला. चालू पडले.
जाळीबाहेर साहेब बाकड्यावर बसले होते,
त्यांनी सरकून जागा दिली.
पाणी प्यालो. बोललो काहीच नाही.

त्रेसष्ट उडवल्या. सदतीस शिल्लक.
परत घेत नाहीत, म्हणून मोजून
कोरडेच्या बादलीत ओतल्या.
छत्तीस.

सोमवारी पावणेअकराला बबननं चहा आणला.
साहेबांच्या टेबलावर ठेवताना
बशीत कप वाजला.
एवढासाच. टिण्.
साहेबांनी वर बघितलं,
बबननं खाली बघितलं नाही.
कानामागे साहेबांच्या निळा ठिपका राहिलाय,
सांगायचं कुणी?

माझ्या ड्रॉवरमध्ये,
पाचाच्या नाण्यांच्या खणात,
एक गोळी आहे, दमट हवेनं जराशी फुगलेली.
संध्याकाळी कॅश जुळली,
पैसा न पैसा.
ती कुठल्या खात्यात घालू?