न दुखणारी जागा

धंतोलीतून निघाले तेव्हा
पिशवीतले सगळे कागद एकच म्हणत होते : नॉर्मल.
रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल,
एक्स-रेत पाठीचा कणा सोललेल्या भुट्ट्यासारखा सरळ.
पाचव्या डॉक्टरांनी नाव दिलं, फायब्रोमायल्जिया.
पावतीच्या मागे लिहून घेतलं,
घरी पोचेपर्यंत दोनदा विसरले.
नणंद म्हणाली, "एवढं मोठं नाव,
मंग गोळी काहून इतकी लहान?"

सांगू कसं,
की ओढणी खांद्यावर पडते ती वीट होऊन,
की रात्रभर झोपून सकाळी उठते
रात्रपाळी करून आल्यासारखी,
की कुकरच्या शिट्ट्या मोजते
आणि तिसरीला आठवत नाही, काय शिजतंय.
कोषागारात शिक्का मारते दिवसभर,
प्रत्येक ठसा दोनदा उमटतो :
एक चलनावर, एक माझ्या कोपरात.

उत्पला खोब्रागडे इंदोऱ्यात राहतात.
जमिनीवर सतरंजी, तिच्यावर कापसाची पातळ गादी,
कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास,
आणि मे महिन्याचे छेचाळीस अंश
दाराबाहेर, चपलांपाशी.
डोळ्यांना त्यांच्या उजेड-सावली कळते, तेवढीच.
शिआत्सू शिकल्या त्या
कामठीत सहा महिने राहून गेलेल्या एका जपानी बाईंकडून.
"तिलेही दिसत नव्हतं," म्हणाल्या.
"तिले मराठी येत नव्हतं, मले जपानी.
अंगठ्यावर अंगठा ठेवून शिकवलं तिनं."

तेल नाही. कपडे अंगावरच.
मी पाठ केलेली यादी सुरू केली,
मान, खांदे, कंबर, मांड्या, जबडासुद्धा
तर त्यांनी हात वर केला,
कंडक्टरनं बस थांबवावी तसा.
"ते मले सापडते.
दुखत नाही कुठं, ते सांगा."

नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
वीज गेल्यावर काडेपेटी शोधावी
तशी फिरले मी स्वतःच्या अंगात,
या फडताळात, त्या कोनाड्यात,
एकेका जागेला हात लावून बघत.
किती वेळ गेला.
शेवटी म्हणाले, डाव्या टाचेच्या आतला खळगा.
"बस मंग. तिथून निघू."

अंगठा टेकला.
दाबला नाही, नुसता टेकला,
माझ्या श्वासाची वाट बघत.
श्वास सुटला तसं वजन उतरलं त्यात, हळूहळू,
टाचेवरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यामागे.
जिथं दचकले तिथून तो निमूट मागे फिरला,
माझ्याकडून पुरावा न मागता.

बाबा आठवले. गोळीबार चौकातला माग.
सूत तुटलं की ओढायचे नाहीत कधी.
बोटांनी चाचपत मागे जायचे,
शाबूत धाग्यापर्यंत,
आणि गाठ तिथून.

तिसऱ्या खेपेला मीच म्हणाले, जरा जोरात.
त्या नको म्हणाल्या, मी हट्ट केला.
दोन दिवस उठता आलं नाही.
फोनवर ओरडल्या,
"कपडे पिळून राहिलो का आपण?"

बरी झाले, असं नाही.
डिसेंबरची थंडी अजून हाडं मोजते,
गोळी अजून तेवढीच लहान आहे.
पण गुरुवारी रात्री चार तास सलग झोपते,
शुक्रवारी सकाळी वेणी घालते, स्वतःची, दोन्ही हातांनी.
ज्याला हे काय मोठं वाटतं त्याला वाटू दे.

परवा पैसे देताना त्यांचा हात हातात आला.
अंगठ्याचं पेर सुजलेलं, ऊन.
"दुखतं?"
"दुखतेच ना. लय वर्षं झाली."
मी पैसे खाली ठेवले.
विचारलं, दुखत नाही कुठं?
त्या हसायला लागल्या,
मग गप्प झाल्या,
बराच वेळ शोधत राहिल्या आत कुठंतरी
आणि अखेर
करंगळी पुढे केली.